विषयाबाहेरचे काही लिहिलेले नाही

बसू,

तू गेल्याची बातमी मी आपल्या इंटरनेटवरच्या फोरमवर टाकली आणि संध्याकाळपर्यंत एकसष्ट जणांनी श्रद्धांजली वाहिली. 'दिलखुलास माणूस', 'फोरमचा आत्मा', 'त्यांच्या गप्पांची सर कुणाला येणार नाही'. गप्पांची म्हणे! यातल्या निम्म्या लोकांनी तुझ्याबद्दल मला केलेल्या तक्रारी अजून माझ्याकडं जपून ठेवलेल्या आहेत. 'या गृहस्थांना आवरा.' 'आम्ही इथं इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येतो, चकाट्या पिटायला नाही.' पुण्याच्या त्या निवृत्त साहेबांनी तर तुझ्यावर पानभर लिहिलंय. आपल्या फोरमचा पहिला नियम असा की विषयाबाहेरचं काही लिहायचं नाही. त्या हिशेबानं ही एकसष्टच्या एकसष्ट पत्रं नियमाबाहेरची. पण या वेळी एकाचीही तक्रार आली नाही.

मला त्यांचा राग येतो, पण खरा राग माझा येतो. तुझं शेवटचं पत्र एकोणीस दिवस माझ्याकडं अडकून पडलं होतं. ज्याच्यावर भरवसा नाही अशा सभासदाचं लिखाण आपल्या फोरमवर थेट दिसत नाही. ते आधी व्यवस्थापकाकडं येतं, रांगेत थांबतं, आणि त्यानं मंजूर केलं तरच लोकांना दिसतं. व्यवस्थापक मी. भरवसा नसलेला तू. त्या एकोणीस दिवसांत मी ती रांग एकदाही उघडली नाही. तू रोज पेठेतल्या सायबर कॅफेत जाऊन बघत असणार, आलं का आपलं पत्र म्हणून. आणि मी ते वाचून फेकून दिलं असं समजून तू गेलास.

हे सगळं तुझ्या दुकानातल्या बाकावर सुरू झालं, हे त्या एकसष्टांतल्या बहुतेकांना ठाऊकसुद्धा नाही. शिवाजी पेठेतलं तुझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, नव्वद-ब्याण्णवचा सुमार. मी डिप्लोमा करून शिरोलीच्या एमआयडीसीत नुकताच चिकटलो होतो. तू नेसरीहून आलेला, आयटीआय झालेला. घरी आईशी, तुझ्या अव्वाशी, कानडी, दुकानात मराठी आणि सोल्डरगनचा चटका बसला की दोन्ही. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण त्या बाकावर दाटीवाटीनं बसायचो. कुणी बिघडलेला टेप आणायचा, कुणी मासिकातलं सर्किट फाडून आणायचा. शनिवारच्या फुटबॉल मॅचमध्ये पेठेच्या टीमनं गोल कसा घालवला यावर भांडता भांडता ॲम्प्लिफायर तयार व्हायचा.

भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या माझ्या पहिल्या कंट्रोलरचं बोर्ड तुझ्याकडंच झालं. तांबं विरघळवायचं रसायन ओतायला प्लास्टिकचं घमेलं मिळेना म्हणून तू आतून महादेवीवहिनींची स्टीलची परात उचलून आणलीस. बोर्ड झालं फक्कड आणि परातीला पडली भोकं. वहिनींनी ती दारात आणून आपल्या दोघांच्या पुढ्यात आदळली. तू शांतपणे म्हणालास, ''आता चाळण म्हणून वापर की.'' आठ दिवस तुला घरात कुणी नीट जेवायला वाढलं नाही. पण त्या बोर्डावर माझी नोकरी पक्की झाली, पुढं माझा स्वतःचा धंदा उभा राहिला. हे मी तुला कधी तोंडानं सांगितलं नाही. आता सांगून काय उपयोग?

पेठ वडगावचं ते गिऱ्हाईक आठवतं? नवा रंगीत टीव्ही, दोनदा आतला पॉवर सप्लाय जळालेला. मी मीटर घेऊन तुटून पडलो होतो. तू मात्र त्याला बाकावर बसवलंस.

''या पावणं, टेका. च्या सांगतो. थोरलीचं लगीन उरकलं म्हणं?''

झालं. मांडव, वाजंत्री, रुसलेला व्याही, कमी पडलेली जिलबी. अर्धा तास तो बोलत होता आणि तू कान देऊन ऐकत होतास. मी मनात दात-ओठ खात होतो. मग बोलण्याच्या ओघात तो म्हणाला, ''मांडवाला लायटी जोडाय वायरमन खांबावर चढलता की, तवाधरनं घरातला बल्ब कवा ढणाढणा जळतोय, कवा नुस्ता मिणमिणतोय.''

तू हातातलं काम खाली ठेवलंस. ''पावणं, टीव्हीत दोष न्हाई. खांबावरची न्यूट्रलची वायर ढिली झालीय तुमची. आधी ती आवळून घ्या, मग टीव्ही न्या. न्हाईतर तिसऱ्यांदा जाळशिला.''

तो गेल्यावर तू माझ्याकडं वळलास. ''इंजिनिअर, मीटर लावायच्या आधी माणसाला बोलू द्यावं. काय बिघडलंय म्हणून इचारलं की ते आपल्याला काय वाटतंय तेवढंच सांगतंय. हिकडचं तिकडचं बोलाय लागलं की मग खरं भायेर पडतंय.''

मी हसलो. त्या दिवशी मी वहीत त्या टीव्हीच्या सप्लायचं सर्किट उतरवून घेतलं. तुझं वाक्य उतरवून घ्यायचं सुचलं नाही.

दोन हजार सालानंतर गावात इंटरनेट आलं आणि आपला बाक मी इंटरनेटवर नेला, हा फोरम काढला. कौतुक तुलाच जास्त. तू कॅफेत बसून दोन बोटांनी, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचास. कुणी विचारलं की टीव्हीचं चित्र वरून दबतंय, तर तू आधी विचारणार, गाव कुठलं, पाऊसपाणी काय म्हणतंय, आणि मग कुठला कपॅसिटर बदलायचा ते सांगणार. तुझं उत्तर चुकल्याचं मला आठवत नाही. पहिली दोन वर्षं हे छान चाललं. मग माणसं वाढली. नाशिकची आली, बंगळूरची आली, आखातात नोकरी करणारी आली. शिकलेली, मोठ्या हुद्द्यावरची माणसं माझ्या फोरमवर येतात याची मला नशा चढली. मी नऊ नियम लिहिले, ठळक अक्षरांत.

तू दुकानातून मला फोन केलास. ''नियम वाचलं. बरं हाईत. तेवढा एक कोपरा काढ मर्दा गप्पांसाठी. नाव दे त्याला बाक.''

''नको. एकदा कोपरा दिला की सगळं घर तिकडंच जाऊन बसतंय.''

''मग बसू दे की! घर कशासाठी बांधलंस?''

हा वाद आपण नंतर वीसेक वेळा तरी घातला असेल.

आणि मग ते पुण्याच्या साहेबांचं प्रकरण. त्यांनी स्वतः काढलेल्या ॲम्प्लिफायरचं डिझाइन टाकलं, आकडेमोडीसकट, आणि सूचना मागवल्या. तू खाली लिहिलंस, 'साहेब, सर्किट झकास आहे, आवाज चोख येईल. पण तुम्ही त्यावर ऐकणार काय?' एवढंच. त्याखाली चाळीस उत्तरं आली. कुणाची आई जात्यावर काय म्हणायची, कुणाच्या गावात चावडीवरचा रेडिओ कसा वाजायचा. आखातातल्या त्या अबोल माणसानं, ज्यानं तोवर फक्त आयसींचे नंबर विचारले होते, आपल्या बापाबद्दल लिहिलं. बाप शेतातून आला की रेडिओच्या पाठीवर हात ठेवून ऐकायचा, कारण त्याला कानानं कमी यायचं. साहेबांनी मात्र मला वेगळं पत्र पाठवलं. माझ्या डिझाइनवर एक शब्द नाही, हा पोरकटपणा थांबणार नसेल तर मला इथं राहण्यात रस नाही.

मी चाळीसच्या चाळीस उत्तरं खोडली. आखातातल्या माणसाचा बापही गेला त्यात. तो माणूस पुन्हा कधी काही लिहायला आला नाही, नंबर विचारायलासुद्धा नाही.

तूही काही कमी नव्हतास, बसू. तू गेलास म्हणून आता सगळं गोड मानून घेणार नाही मी. मला अडचणीत आणतोय हे तुला कळत होतं. चारचौघांत 'इंजिनिअर, नियमाचं पुस्तक उशाला घेऊन झोपतोस का?' असं लिहायची काय गरज होती? लोक हसले. मी घरात एकटा कॉम्प्युटरपुढं बसून लाल झालो. तुला थट्टा वाटत होती, मला अपमान वाटत होता, आणि दोघांपैकी एकानंही पायऱ्या चढून दुसऱ्याला ते सांगितलं नाही. माझ्या राजारामपुरीतून तुझी शिवाजी पेठ स्कूटरवर किती लांब आहे?

त्याच वर्षी खंडेनवमीला शिरोलीच्या फौंड्रीत आपल्या दोघांना जेवायचं बोलावणं होतं. मालकाच्या घरचा टीव्ही तू दुरुस्त करायचास आणि भट्ट्यांवर माझे तापमानाचे कंट्रोलर बसवलेले. यंत्रांची पूजा झाली, कामगारांच्या पंगती उठल्या. मला ताप होता म्हणून मी गेलो नाही. दोन दिवसांनी तू फोरमवर लांबलचक लिहिलंस, शीर्षक होतं 'लोखंडाचं जेवण'. मी तुझं नाव बघितलं, शीर्षक बघितलं, चार ओळी वाचल्या. मालकानं भट्टीलाही नैवेद्याचं ताट दाखवलं असं काहीतरी होतं. मी ते खोडलं. तेवढ्यावर थांबलो नाही. तुला मंजुरीच्या रांगेत टाकलं आणि तुला रीतसर कळवलं, खाली सही केली 'व्यवस्थापक'.

दुसऱ्या दिवशी तू स्वतः आलास. दारातच उभा राहिलास, आत ये म्हटलं तरी आला नाहीस.

''खोडायच्या आधी वाचलास?''

''वाचलं.''

''समदं?''

''सगळं वाचलं की.''

''मग कामाचं काय दिसलं न्हाई त्यात तुला?''

''बसू, जेवणावळीच्या वर्णनात कामाचं काय असणार? लोक मला नावं ठेवतात.''

तू माझ्याकडं बघत राहिलास. मला वाटलं आता आवाज चढवशील, दोन शिव्या देशील, एक कानडीतली, एक मराठीतली, आणि मिटेल. तू म्हणालास, ''बरं हाय,'' आणि जिना उतरलास. खोटं पकडल्यावर माणूस जसा बघतो तसा तू बघत होतास. हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळलंय.

सहा महिने आपण बोललो नाही. फोरम एकदम शिस्तीत चालला. प्रश्न, उत्तर, धन्यवाद. साहेब खूश होते.

मार्च लागला आणि फौंड्रीतले माझे कंट्रोलर वेडे झाले. सकाळी ठीक, दुपारी दोन्ही भट्ट्या चालू झाल्या की आकडे नाचायला लागायचे. लोखंडाचा रस तयार नसताना तयार दाखवायचे. दोन वेळा ओतकाम वाया गेलं. मी बोर्डं बदलली, वायरी बदलल्या, फिल्टर लावले. मालक तोंडावर म्हणाला, ''न्हाई जमत तर तुमचं डबं काढून न्या, आमचा म्हातारा मिस्त्री रंग बघून सांगतोय ते बरं.'' शेवटी मी फोरमवर प्रश्न टाकला, नियमाप्रमाणं, सगळ्या तपशिलासकट. साहेबांनी तीन पानं उत्तर दिलं. बंगळूरहून प्रोग्रॅम बदलायचा सल्ला आला. मी सगळं करून बघितलं. आकडे नाचतच राहिले.

मंजुरीच्या रांगेत काहीतरी आलंय अशी खूण वरच्या कोपऱ्यात दिसत होती. जाहिरातींचा कचरा तिथंच यायचा, आणि तू. मी म्हटलं असू दे. खरं सांगायचं तर मला माहीत होतं की तूच असणार. मला वाटलं, अडकलाय इंजिनिअर म्हणून टोमणा मारला असशील. मला तेव्हा तुझा टोमणा सोसवला नसता.

आणि एका दुपारी तुला छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही तू टिकला नाहीस. नेसरीला तुझ्या मातीला मी मागं उभा होतो. तुमच्या रीतीप्रमाणं पुरण्याआधी तुला बसवलं होतं, कपाळभर विभूती, आणि तोंडावर ते 'बरं हाय'वालं मौन. अव्वा माझ्याशी कानडीत काहीतरी बोलली. मला कळलं नाही आणि कुणाला विचारायचं धाडसही झालं नाही.

चौथ्या दिवशी तुझी बातमी फोरमवर टाकायला बसलो तेव्हा रांग उघडली. तुझं पत्र, जसंच्या तसं:

'मा. व्यवस्थापक यांस. विषय: भट्टीच्या तापमान कंट्रोलरमधील दोष. कारखान्यामागील अर्थिंगच्या खड्ड्यावर खंडेनवमीच्या पंगतीसाठी फरशी घालण्यात आली आहे. त्यामुळे खड्ड्यात पाणी जात नाही. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडून अर्थिंग कमजोर झाले असावे. फरशी उचकटून दोन बादल्या पाणी ओतून पाहावे. याबाबत खंडेनवमीनंतर लिहिले होते, ते खोडण्यात आले. या पत्रात विषयाबाहेरचे काही लिहिलेले नाही. आपला, बसवराज.'

पाऊसपाणी नाही, मर्दा नाही, इंजिनिअर नाही. कचेरीतल्या अर्जासारखं सगळं शुद्ध. नऊच्या नऊ नियम पाळून लिहिलेलं तुझं हे एकमेव पत्र. तुझा आवाज मी इतका बेमालूम बंद केला होता की मला ते दुसऱ्या कुणाचं वाटलं.

तसाच फौंड्रीत गेलो. मालकानं पहार दिली. फरशी उचकटली. खाली अर्थिंगसाठी भरलेला कोळसा आणि मीठ वाळून दगड झालं होतं. दोन बादल्या पुरल्या नाहीत, सहा लागल्या. दुपारी दोन्ही भट्ट्या चालू झाल्या, मी कंट्रोलरसमोर उभा राहिलो आणि आकडे जागचे हलले नाहीत. मालकानं माझ्या पाठीवर थाप मारली. ''शेवटी तुमचं डोकं चाललं म्हणायचं!'' मी त्याला तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, ''व्हय, त्या दिवशी पंगतीतच मला म्हणालता, खड्डा मोकळा करा. मला वाटलं चेष्टा करतोय.''

परत येऊन मी तुझं पत्र मंजूर केलं. ते माझ्या जुन्या प्रश्नाखाली दिसायला लागलं. तासाभरात एका नव्या सभासदाचं उत्तर आलं. 'हा प्रश्न जुना झाला आहे. कृपया जुने विषय पुन्हा वर काढू नयेत. पाहा नियम सात.' त्याचं काही चुकलं नाही. नियम सात मीच लिहिलाय.

मंजुरीची रांग मी बंद केली आहे. साहेबांना कळवलंय की तुम्हाला राहायचं तर राहा. फोरमवर एक कोपराही काढला, त्याला 'बाक' नाव दिलं. अजून तिथं कुणी काही लिहिलेलं नाही. पहिलं काय लिहायचं हे कुणालाच कळत नाहीये, मलाही नाही.

काल घरी गेलो होतो, तुझ्या. वहिनी दुकानाच्या दारात त्याच बाकावर बसल्या होत्या. मी शेजारी बसलो. मग त्या म्हणाल्या, ''भावजी, एक मागायचं हुतं.''

''सांगा की वहिनी.''

''दसऱ्याच्या टायमाला ह्यांनी तुमच्या त्या फोरमवर कायतरी लिवलंतं. फौंड्रीतल्या जेवणाचं. दोन दिस कॅफेतनं हासत हासत घरी येत हुते. मी म्हटलं, मला सांगा की काय लिवलंय. तर म्हणाले, आता न्हाई, इंजिनिअर छापून आणून देणार हाय, मग अव्वाला पण वाचून दावतो.'' त्यांनी पदरानं तोंड पुसलं. ''तेवढं द्या छापून. आमच्याकडं त्येंचं लिवल्यालं दुसरं काय न्हाई. नुस्ती गिऱ्हाइकांची बिलं हाईत.''

मी फोरम सगळा धुंडाळला आहे, बसू. तुझं जे शिल्लक आहे ते असं आहे: 'सी बारा बदला.' 'फ्यूज बघा.' 'सप्लाय मोजा.' बाकी सगळं माझ्या हातानं गेलेलं आहे, वर्षानुवर्षांचं.

त्यांना हे सांगायची छाती झाली नाही. म्हटलं, ''कागद नाही वहिनी, पण मला तोंडपाठ आहे, सांगतो.'' आणि सांगायला लागलो. लोखंडाचं जेवण. मालकानं आधी भट्टीला ताट दाखवलं. भट्टी म्हणाली असेल, मला एवढ्यानं काय होतंय. मग म्हातारा मिस्त्री म्हणाला, तिला तिखट चालत नाही.

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदाच हसल्या असाव्यात. तोंडावर पदर धरून, डोळे मिटून हसल्या. मग डोळे उघडून माझ्याकडं वळून बसल्या.

''मग? फुडं काय लिवलंतं?''

चारच ओळी होत्या माझ्याकडं, बसू. पुढचं मी वाचलं नव्हतं.